फौजी डिस्काउंट नको, कागद दाखवा

सध्या मुक्काम अंबाल्यात आहे. इथल्या कँटीनच्या बाहेर दर रविवारी दोन-तीन पोरं रंगीत पत्रकं वाटत उभी असतात. झिरकपूर, खरड, मोहाली, पार डेहराडूनपर्यंतचे प्लॉट आणि फ्लॅट. वर तिरंगा आणि सलाम ठोकणाऱ्या जवानाचं चित्र. खाली लिहिलेलं असतं, ‘फक्त फौजी बांधवांसाठी खास सवलत’. याआधी जयपूर, सिकंदराबाद, योल, जबलपूर अशा पोस्टिंग झाल्या. गावं बदलली, पत्रक तेच. छुट्टीला घरी गेलो तर साताऱ्याच्या एसटी स्टँडबाहेरही तेच, फक्त मराठीत.

आज या पत्रकाच्या विरोधात लिहितो आहे. पण त्याहीपेक्षा आपल्याच तोंडी बसलेल्या तीन वाक्यांच्या विरोधात लिहितो आहे. पहिलं, ‘फौजी डिस्काउंट आहे’. दुसरं, ‘साहेबांनी पण घेतलाय’. तिसरं, ‘भाऊ आहे ना घरी, तो बघेल’. या तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच निघतो. कागद बघू नकोस.

लोक म्हणतात फौजी भोळा असतो म्हणून फसतो. मला हे अजिबात मान्य नाही. कोतमधून रायफल घेताना नंबर जुळवल्याशिवाय आपण रजिस्टरवर सही करत नाही. स्टोअरचा चार्ज घेताना एक ताडपत्री कमी निघाली तर रात्री अकरापर्यंत मोजत बसतो. असा माणूस भोळा कसा? फौजी फसतो तो गैरहजर असतो म्हणून. व्यवहार होतो तेव्हा तो तंगधारला असतो. तलाठ्याची नोटीस लागते तेव्हा तेजपूरला असतो. प्लॉटवर कुणी पत्र्याची शेड मारतो तेव्हा बिन्नागुडीला असतो. वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल, तीही मिळेल तेव्हा. त्यात लग्नं, आईबापाची दवाखान्याची कामं, पोरांच्या शाळा. जमीन मात्र बाराही महिने तिथेच असते आणि तिच्याकडे बघणाऱ्यांचे डोळेही तिथेच असतात.

आपण तिथे नसतो तेव्हा आपल्या जागी उभं राहतं ते फक्त कागद. तोच आपला संत्री. म्हणून कागद मागणं हा संशयीपणा आहे असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, गेटवर संत्री उभा केला म्हणजे आपण सगळ्या गावावर संशय घेतो का?

आधी पैसा कुठला ते बघू. आपला जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनला येतो. हातात प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्सचे पैसे आणि कम्युटेशन येतं. फौजीला मूळ पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकता येतो. समजा मूळ पेन्शन ३०,००० रुपये आहे आणि तुम्ही १५,००० कम्यूट केले. चाळिशीच्या वयाला गुणक साधारण ९ धरला, तर हातात सोळा लाखांच्या आसपास रक्कम येते. आणि कापले जातात महिन्याला १५,००० रुपये, १५ वर्षं. म्हणजे २७ लाख. पुढची १५ वर्षं अर्ध्या मूळ पेन्शनवर घर चालवायचं ठरवून आपण ते सोळा लाख उचललेले असतात. ते एका वादातल्या प्लॉटमध्ये गेले, तर प्लॉटही नाही आणि पेन्शनही अर्धी.

गंमत बघा. कायद्याने आपला पगार आणि पेन्शन किती जपली आहे! आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २८ प्रमाणे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी सैनिकाचा पगार जप्त करता येत नाही. सरकारी पेन्शनलाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीपासून वाचवलं आहे. सावकार, बँक, भाऊबंद, कुणीही त्या पैशाला हात लावू शकत नाही. आणि तोच पैसा आपण आपल्या हाताने, नोटरीच्या एका स्टँपपेपरवर, अनोळखी माणसाच्या खात्यात टाकतो.

आता पहिलं वाक्य, डिस्काउंटचं.

डिस्काउंट कशावर आहे ते आधी विचारा. २०१६ चा रेरा कायदा सांगतो की ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदणी झाल्याशिवाय विकता येत नाही. त्याची जाहिरातही करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. प्लॉट पाडून विकण्याच्या योजनाही यात येतात. म्हणजे ‘प्री-लाँच ऑफर, फक्त फौजींना, रेरा नंबर पुढच्या महिन्यात येतोय’ असं जो सांगतो, तो सवलत देत नाही, तो तुमच्यासमोर कायदा मोडतो आहे. एजंटलाही रेराची नोंदणी लागते. त्याचा नंबर मागा. तो माजी सैनिक असला, छातीवर मेडलच्या रिबन लावून आला, तरी मागा. खरा फौजी असेल तर त्याला आयकार्ड मागितल्याचा राग येणार नाही.

नोंदणी असली की राज्याच्या रेरा संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. जमिनीचा मालक कोण, ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कोणत्या बँकेचा बोजा आहे, कोर्टात काय चालू आहे, हे तिथे बिल्डरने स्वतः लिहून दिलेलं असतं. बंकरमध्ये नेटवर्क मिळालं तर तिथूनही दिसतं.

दुसरी गोष्ट पाठ करा, १० टक्के. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. हे कलम १३. ‘सर, छुट्टी संपतेय तुमची, आत्ता ४० टक्के भरा, ॲग्रीमेंट पुढच्या छुट्टीत करू,’ हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांनी हात वर करावेत. आपली छुट्टी संपत आली आहे हे त्याला आपल्याइतकंच माहीत असतं आणि घाईचा सगळा धंदा त्यावरच चालतो. त्याला एवढंच सांगायचं, करार नोंदवायला वेळ नाही तर पैसे द्यायलाही वेळ नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणं बिल्डरवर बंधनकारक आहे. म्हणून चेक किंवा ऑनलाइन भरणा त्या नोंदवलेल्या खात्यावरच करायचा. मेव्हण्याच्या खात्यावर, ‘मार्केटिंग कंपनी’च्या खात्यावर काहीही नाही. रोख तर नाहीच. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि देणाऱ्याच्या हातात पुरावा शून्य.

तिसरी गोष्ट, ‘दरमहा खात्रीचा परतावा’. दुकान विकत घ्या, १२ टक्के दरमहा घरबसल्या. खात्रीची पेन्शन देणारा एकच मालक मला माहीत आहे, तो दिल्लीत बसतो. बाकी सगळ्यांना विचारायचं, हा पैसा कुठल्या भाड्यातून येणार? दुकान उभंच नसेल तर तो तुमच्याच पैशातून येतो, आणि पैसा संपला की परतावाही संपतो.

फ्लॅटपेक्षा प्लॉटमध्ये धोका जास्त, आणि त्यातही परमुलखातला प्लॉट. आपली सवय अशी की जिथे पोस्टिंग झाली, हवा आवडली, तिथे दोन गुंठे घ्यायचे. पण जमिनीचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. हिमाचलात शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही, कलम ११८. योलला असताना मला लोक चहावर चहा पाजून ‘स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, नंतर बघू’ असं सांगायचे. ज्याच्या नावावर, त्याची जमीन. नंतर बघायला काहीच नसतं. उत्तराखंडात शहराच्या हद्दीबाहेर बाहेरच्या माणसाला राहण्यासाठी २५० चौरस मीटरचीच मर्यादा आहे. राजस्थानात अनुसूचित जाती-जमातीच्या खातेदाराची जमीन इतरांना विकताच येत नाही, आणि शेतजमिनीचं रूपांतर झालं नसेल तर प्लॉट म्हणून तिची किंमत कागदापुरतीच. जयपूरला हाऊसिंग सोसायटीचा पट्टा आणि विकास प्राधिकरणाचा पट्टा यातला फरक न कळल्याने गुंतलेले किती जवान मी पाहिले. हरियाणा-पंजाबात कॉलनीला लायसन्स आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर रस्ता, पाणी, वीज, बांधकाम परवाना, सगळंच अडतं.

नावं बदलतात, काम तेच. आपल्याकडे सात-बारा, इथे जमाबंदी आणि फर्द, उत्तर प्रदेशात खतौनी, कर्नाटकात पहाणी, तमिळनाडूत पट्टा आणि चिट्टा. दक्षिणेत बोजा नसल्याचा दाखला सब-रजिस्ट्रारकडे मिळतो, आपल्याकडे सर्च रिपोर्ट काढतात. ज्या राज्यात घेताय तिथला कागद तिथल्या वकिलाकडून वाचून घ्या. बिल्डरने ‘आमचा वकील आहे, फुकट करून देतो’ म्हटलं तर धन्यवाद म्हणायचं आणि आपला वेगळा करायचा. लाखाचा व्यवहार करताना वकिलाच्या काही हजारांवर घासाघीस करणारा माणूस बुलेटप्रूफ जॅकेटवर पैसे वाचवतो.

आपल्या महाराष्ट्रात तरी काय वेगळं आहे? पुण्याबाहेर, नाशिकबाहेर, नगर रस्त्याला ‘एक गुंठा, दोन गुंठे, फौजी कॉलनी’ अशा पाट्या आहेत. शेतजमिनीचे असे तुकडे करून विकण्यावर तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. सरकारने वेळोवेळी जुन्या तुकड्यांना सवलती दिल्या, गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये केला, त्यामुळे लोकांना वाटतं पुढेही होईल नियमित. होईलही. पण ‘होईल’ या शब्दावर कम्युटेशनचे पैसे लावायचे का? आमच्या युनिटमधल्या एका हवालदाराने असाच दोन गुंठ्यांचा तुकडा घेतला. कागद म्हणून हातात नोटरी केलेलं साठेखत. सात-बारावर चाळीस-पन्नास नावं, त्यात याचं नाही. ज्याने विकला त्याने उरलेली जमीन गहाण टाकली. आता हा दर छुट्टीत तालुक्याला तारखेला जातो. बायकोला माहेरी नेण्याचं राहून जातं ते राहूनच जातं.

आणि सात-बारावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं की थांबा. ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. सरकारने माजी सैनिकांना दिलेल्या कितीतरी जमिनी याच वर्गातल्या आहेत. म्हणजे विकणारा माजी सैनिक, घेणारा सेवेतला सैनिक, दोघंही सरळ, आणि व्यवहार तरीही बेकायदा. ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटपर्यंत वाचायचा. कूळ, बोजा, आदिवासी जमीन, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं तिथेच लपून बसतं. आणि सात-बारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नाही. म्हणून ३० वर्षं मागचे फेरफार आणि खरेदीखतं बघायची.

आता दुसरं वाक्य. ‘साहेबांनी पण घेतलाय.’

फौजेत वरच्याचा शब्द हा आदेश असतो आणि तो असायलाच हवा. तोफेवर असताना ‘का’ विचारायचं नसतं. पण दुय्यम निबंधकाच्या टेबलावर रँक चालत नाही. तिथे साहेबही फक्त खरेदीदार क्रमांक एक. साहेबांनी घेतला म्हणजे साहेबांनी कागद पाहिले, असं आपण समजतो. साहेब समजतात, सुभेदार मेजर साहेबांनी पाहिले असतील. सुभेदार मेजर साहेब समजतात, एवढे लोक घेतायत म्हणजे कुणीतरी पाहिलंच असेल. पन्नास जणांनी घेतलं आणि कागद एकानेही पाहिला नाही, असं सहज होतं. विकणारा तेवढ्यासाठीच पहिला प्लॉट स्वस्तात साहेबांना देतो.

यात कुणाच्या हेतूबद्दल मी बोलत नाही. आपल्या स्वतःच्या संस्थेचं उदाहरण घ्या. कोचीतल्या ‘चंदर कुंज’ या लष्करी कल्याण गृहनिर्माण संघटनेच्या वसाहतीतले दोन उंच मनोरे राहायला धोकादायक ठरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते पाडून नव्याने बांधायचा आदेश दिला. राहणारे कोण? सेवेतले आणि निवृत्त फौजी, त्यांची कुटुंबं. बांधून पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. हे लोक न्यायालयात गेले, तज्ज्ञांच्या तपासण्या झाल्या, म्हणून हा आदेश निघाला. आपलीच संघटना आहे म्हणून ते गप्प बसले असते तर काय झालं असतं याचा विचार करा. आपलं म्हटल्याने काँक्रीट मजबूत होत नाही. रेरामध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. गळती दिसली, तडा दिसला की त्याच दिवशी फोटो आणि लेखी पत्र. ‘पुढच्या छुट्टीत बघू’ म्हणता म्हणता पाच वर्षं जातात.

आता तिसरं वाक्य, सगळ्यात नाजूक. ‘भाऊ आहे ना घरी.’

आहे, आणि असू दे. आपण सीमेवर असताना आईला दवाखान्यात नेणारा, पेरणी करणारा, आपल्या पोराला शाळेत सोडणारा तोच असतो. त्याचे उपकार आहेत. पण उपकार मानायला कुलमुखत्यारपत्र लागत नाही. ‘सगळे अधिकार, विक्रीसह’ असं मुखत्यारपत्र आपण छुट्टीच्या शेवटच्या दिवशी, बस पकडायच्या घाईत, न वाचता सही करून देतो. द्यायचंच तर एका कामासाठी, एका गट नंबरसाठी, ठरावीक मुदतीसाठी, आणि विक्रीचा अधिकार वगळून द्या. घेणारा दुसरा कुणी असेल तर लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र अशा जोडकागदांवर स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मुखत्यारपत्र देणारा गेला की साधं मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. आपल्या धंद्यात हे बोलायला हवं. जवान शहीद झाल्यावर त्याच्या मुखत्यारपत्रावर कुणी व्यवहार केला तर वीरपत्नीने तो मान्य करायचं कारण नाही.

बहुतेक भांडणं मोठ्या फसवणुकीतून होत नाहीत. वडील गेले, वारसनोंद लागली, त्यात एक नाव सुटलं. किंवा हक्कसोडपत्रावर सही हवी म्हणून घरच्यांनी कागद पाठवला आणि आपण ‘वाटणीचा असेल’ म्हणून सही करून परत पाठवला. फेरफाराची नोटीस तलाठी चावडीवर लावतो, हरकतीला साधारण १५ दिवस. आपण चावडीपासून दोन हजार किलोमीटरवर. पण आता महाभूलेखच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडा, प्रलंबित फेरफाराच्या नोटिसा दिसतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच मिनिटं. पगाराची स्लिप बघतो तसं. आणि दरवर्षी एकदा डिजिटल सहीचा सात-बारा काढून फाइलला लावायचा.

ताब्याचंही तसंच. कुणी बेकायदा हुसकावलं तर झटपट दाव्याला मुदत सहा महिन्यांची. आणि दुसऱ्याने उघडपणे १२ वर्षं ताबा ठेवला तर तोच मालकी सांगू लागतो. म्हणून प्लॉटला कुंपण, नावाची पाटी, मोजणीच्या खुणा, करभरणीच्या पावत्या, आणि दर छुट्टीत तारखेचा एक फोटो. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये ती जबाबदारी मालकावर आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये सैनिकाला किंवा त्याच्या पश्चात कुटुंबाला स्वतः राहण्यासाठी घर परत मिळवायची खास तरतूद आहे, अधिकाऱ्याच्या दाखल्यासह. किती जणांना माहीत आहे?

आता ज्या कायद्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५. शंभर वर्षं झाली. विशेष परिस्थितीत सेवेत असलेला सैनिक कोर्टात हजर राहू शकत नसेल तर कोर्टाने खटला थांबवावा, लष्करी अधिकाऱ्याच्या दाखल्यावर तो पुढे ढकलावा, त्याच्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा रद्द करायला दाद मागता यावी, आणि मुदत मोजताना त्या सेवेचा काळ वगळावा, अशी त्याची रचना आहे. म्हणजे ज्या गैरहजेरीमुळे आपण मार खातो, ती गैरहजेरीच कायद्याने कारण म्हणून मान्य केली आहे. पण एक अट बारकाईने वाचा. सैनिकातर्फे रीतसर अधिकार दिलेला माणूस कोर्टात उभा असेल तर खटला थांबवायचा प्रश्न येत नाही. म्हणजे भावाला ‘कोर्टकचेरीसह सर्व अधिकार’ लिहून दिले की हे कवच आपणच काढून ठेवलं. गावाकडून समन्स आलं की ते पेटीत ठेवू नका, त्याच दिवशी ॲडज्युटंट साहेबांकडे न्या.

यावर मला काय उत्तर मिळणार ते माहीत आहे. ‘एवढं बघत बसलो तर घर कधी होणार?’ होईल, सहा महिने उशिरा होईल. एवढी वर्षं बॅरेकमध्ये काढली, सहा महिने आणखी काढू. दुसरं उत्तर, ‘कायदा असून उपयोग काय, बिल्डर ऐकतो कुठे?’ यात तथ्य आहे. रेराचा आदेश मिळाला म्हणजे पैसे हातात पडले असं नाही. महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची, ती कलेक्टर कचेरीत वर्षानुवर्षं पडून राहते. बिल्डर दिवाळखोरीत गेला तर आणखी वेगळी रांग. म्हणूनच सांगतो, लढाई आदेशानंतर जिंकायची नसते, सही करण्याआधी जिंकायची असते. रेकी न करता ॲटॅकला जाणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही.

तिसरं उत्तर, ‘घरच्यांना काय वाटेल?’ त्यांनाही या लेखातला एक परिच्छेद वाचून दाखवा. नोंदणीकृत कागदाने भावाचंही रक्षण होतं. उद्या त्याच्यावर कुणी आरोप केला तर त्याच्याकडेही दाखवायला काही असतं. आणि मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. सोसायटीच्या फॉर्मवर लिहिलेलं नॉमिनीचं नाव म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी सांभाळणारा. बायकोला कुठला कागद कुठल्या पेटीत आहे हे माहीत हवं. किती घरांत नवरा गेल्यावर पहिले सहा महिने पेटीची किल्ली शोधण्यात जातात!

शेवटी आपल्या व्यवस्थेलाही दोन शब्द. निवृत्तीआधी आपल्याला सुरक्षारक्षकाची नोकरी कशी मिळवायची याची माहिती मिळते, बँका येऊन योजना सांगतात. पण सात-बारा कसा वाचायचा याचा एक तास होत नाही. सँड मॉडेलवर आपण एक टेकडी घ्यायला तासभर चर्चा करतो. जवानाच्या आयुष्याची सगळी कमाई ज्या दोन गुंठ्यांत जाते, त्यावर एक वर्ग का नको? प्रत्येक युनिटने वर्षातून एकदा बाहेरचा एक वकील बोलवावा, ज्याचा कुठल्याही बिल्डरशी संबंध नाही असा. कँटीनच्या आवारात पत्रक वाटायचं असेल तर त्यावर रेरा नंबर असलाच पाहिजे, एवढा हुकूम कमांडरने काढायला कुठल्या दिल्लीची परवानगी लागते? जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली, सैनिक बोर्डांच्या जागेत कायदेशीर मदतीची सोय व्हावी म्हणून. तुमच्या जिल्हा सैनिक कार्यालयात जाऊन विचारा, तो वकील कुठल्या वारी बसतो. बसत नसेल तर लेखी विचारा. माजी सैनिक संघटनांनी हा प्रश्न हाती घेतला तर पेन्शनच्या मोर्चाइतकंच मोठं काम होईल.

पुढच्या वेळी कुणी ‘फौजी डिस्काउंट’ म्हणालं की मोलभाव करू नका. पाच गोष्टी मागा. रेरा नंबर, ३० वर्षांचा सर्च, बोजा नसल्याचा दाखला, जागा बिनशेती झाल्याचा किंवा कॉलनीच्या लायसन्सचा कागद, आणि १० टक्क्यांच्या वर एक रुपया मागण्याआधी नोंदणीकृत करार. देत असेल तर पूर्ण भावाने घ्या, हरकत नाही. देत नसेल तर फुकट मिळालं तरी महाग आहे.

जय हिंद.